जुनी गाडी दारात, वायरिंगचा घोर घरात

खत-बियाण्याचा माणूस आज गाडीच्या वायरिंगवर लिहितोय म्हणून नवल वाटेल. पण गेली काही वर्षे शिवारफेरीला किंवा शेतीशाळेला गेलो की पिकाचे बोलणे संपल्यावर निम्मी मंडळी दुसराच विषय काढतात. ‘साहेब, गाडी घेतली जुनी, पण सकाळी सेल्फच घेत नाही. बॅटरी नवी टाकली, तरी तेच.’ कुणाच्या दिव्यांचा प्रश्न, कुणाचा हॉर्न आपोआप वाजतोय, कुणाच्या गाडीतून धूर निघाला. हा आता एकट्या-दुकट्याचा प्रश्न राहिलेला नाही. म्हणून जरा मुळापासून बघू.

जुन्या गाड्या गावाकडे का येतात?

पूर्वी चारचाकी म्हणजे सरपंचाची, नाहीतर डॉक्टरची. आज पाच-सहा एकरवाल्याच्या दारातही गाडी दिसते. ती हौसेची कमी आणि गरजेची जास्त. भाजीचे क्रेट बाजारात न्यायचे, औषध-खताच्या गोण्या आणायच्या, पोरांना तालुक्याला सोडायचे, रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा. एसटीच्या वेळा या कामांना जुळत नाहीत. नवी गाडी परवडत नाही, म्हणून दहा-पंधरा वर्षे वापरलेली येते.

त्यात सरकारी धोरणांचाही हात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की शहरातला माणूस जुनी काढून नवी घेतो आणि त्याची जुनी गाडी हळूहळू तालुक्याच्या बाजाराला लागते. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांच्या व्यापारावर सरसकट १८ टक्के कर ठरवला. तेव्हा गावात अफवा उठली की जुनी गाडी घेतली तर पूर्ण किमतीवर १८ टक्के भरावे लागणार. तसे नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याच्या नफ्याच्या फरकावर तो कर आहे. एका शेतकऱ्याने दुसऱ्याकडून स्वतःची गाडी घेतली तर जीएसटीचा प्रश्न येत नाही.

दुसरी बाजूही ध्यानात घ्या. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचे. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ती १०,००० रुपये केली. फी भरली म्हणजे काम झाले असेही नाही. गाडी तपासणीला न्यावी लागते आणि तिथे हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, हॉर्न, वायपर हे सगळे चालू लागते. यातले एकूण एक विजेवर चालते. म्हणजे स्वस्तात मिळालेल्या गाडीचे पुढचे आयुष्य तिच्या वायरिंगवर ठरते, आणि नेमका हाच भाग घेताना कुणी बघत नाही. टायर बघतात, रंग बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात. डॅशबोर्डखाली वाकून कोण बघतो?

एका गाडीची गोष्ट

आमच्या तालुक्यातल्या एका कांदा उत्पादकाने जुनी डिझेल सात-सीटर घेतली. दोन महिने बरी चालली. मग पावसाळ्यात सेल्फ घेईना. चावी दिली की नुसते ‘टक’ वाजायचे. गॅरेजवाला म्हणाला बॅटरी गेली. नवी टाकली. आठ दिवस बरे, मग पुन्हा ‘टक’. मग सेल्फ उतरवला, बुश-आर्मेचर बदलले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग डायनामो भरून घेतला. तीन खेपांत अठरा-एकोणीस हजार गेले. आणि एका रात्री सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी पुन्हा ‘टक’ करून बसली. शेजाऱ्याची पिकअप होती म्हणून वेळ निभावली, बाळ-बाळंतीण सुखरूप. पण ती रात्र त्या घराला अजून आठवते.

शेवटी तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने दहा मिनिटांत दोष दाखवला. मी समोर उभा होतो. इंजिनापासून चॅसीला जाणारी अर्थची विणलेली पट्टी हिरवी पडून निम्मी तुटली होती आणि तिचा बोल्ट गंजला होता. पट्टी आणि मजुरी मिळून चारशे रुपये झाले. बॅटरी, सेल्फ, डायनामो यांपैकी कशाचाही दोष नव्हता. आठ-पंधरा दिवस बरी का चालायची? तर प्रत्येक वेळी काम करताना ती पट्टी हलायची आणि थोडा वेळ जोड धरायची.

त्या गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. त्याने मोजले नाही, अंदाज केला. आपणही हेच करत होतो ना? पीक पिवळे पडले की युरिया टाक, तरी पिवळे तर अजून टाक. मग कळायचे की कमतरता नत्राची नव्हतीच, लोहाची होती. म्हणून तर माती परीक्षण करा असे आम्ही कानीकपाळी ओरडतो. गाडीचेही तसेच आहे. मोजल्याशिवाय पार्ट बदलू नका. या लेखाचे सार एवढेच. बाकीचे त्याचे स्पष्टीकरण समजा.

तीन आकडे पाठ करा

तीन-चारशे रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीसाठी तो पुष्कळांकडे असतोच. पण पेटीत एसी वीज असते आणि गाडीत डीसी, म्हणून मीटरचा काटा डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळे मायनसला.

पहिला आकडा : गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चावी न देता. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आली.

दुसरा आकडा : दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघा. साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी अशक्त आहे किंवा भरलेलीच नाही. आधी चार्ज करून पुन्हा मोजा, मगच नवी घ्या. साडेदहा-अकरावर टिकला आणि तरी सेल्फ फिरत नसेल, तर बॅटरीला दोष देऊ नका. दोष पुढे आहे, वायरीत, अर्थमध्ये किंवा सेल्फमध्ये.

तिसरा आकडा : इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. इंजिन चालू असूनही साडेबाराच दाखवत असेल तर डायनामो चार्ज करत नाही. आधी पट्टा सैल आहे का बघा, मग डायनामोची जोडणी. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. अशा गाडीत बॅटरीचे पाणी आटते आणि बल्ब पुन्हा पुन्हा उडतात.

आणखी एक खूण. चावी दिल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाले की विझायला हवा. पुष्कळ जुन्या गाड्यांत हा छोटा बल्बच उडालेला असतो, आणि काही गाड्यांत त्या बल्बातूनच डायनामोला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब गेला की डायनामो चांगला असूनही चार्ज करत नाही. एका बल्बापायी डायनामो भरून घेतल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

अर्थ म्हणजे काय आणि तो का रुसतो?

गाडीत प्रत्येक दिव्याला एकच वायर गेलेली दिसते. दुसरी वायर म्हणजे गाडीची बॉडी. बॅटरीचे मायनस बॉडीला आणि इंजिनाला बांधलेले असते. बॉडी गंजली, रंगाचा थर आला, बोल्ट सैल झाला की परतीची वाट अडते. ठिबकच्या लॅटरलमध्ये कचरा अडकला की विहीर भरलेली असूनही शेवटच्या ड्रिपरला थेंब येत नाही, तसेच हे.

अर्थचा दोष ओळखायच्या खुणा अगदी साध्या. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. मागचा दिवा लावला की ब्रेकचा दिवा मंद होतो. एका बाजूचा हेडलाइट पिवळा पडतो. एक लावावा तर दुसरेच काही चालू होते. गाडीला भूतबाधा झाली असे वाटते, पण विजेला नेहमीची वाट मिळत नाही म्हणून ती शेजारच्या बल्बातून वाट काढते. इंडिकेटर एकाच बाजूला भराभर उघडझाप करू लागला तर मात्र बहुधा त्या बाजूचा एक बल्ब उडालेला असतो. तो आधी बघा.

अर्थ मोजायची रीत अशी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. मीटर ०.२ व्होल्टच्या आत हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी किंवा बोल्ट खराब. त्या कांदेवाल्याच्या गाडीत हा आकडा दोनच्या पुढे गेला होता. ही एक चाचणी पहिल्याच दिवशी झाली असती तर अठरा हजार वाचले असते.

बॅटरी टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, घासून घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. पट्टी काढताना आधी मायनस काढायचा आणि बसवताना मायनस शेवटी. पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

उभी गाडी बॅटरी का खाते?

दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी डाऊन, ही दुसरी मोठी तक्रार. चावी काढल्यावरही घड्याळ, टेप यांना थोडा करंट लागतो. तो साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत चालतो. पण डिकीतला पाच वॅटचा दिवा जळत राहिला तर जवळपास ०.४ अँपिअर जातो. अर्धा अँपिअर सतत गळत असेल तर ६० अँपिअर-तासाची बॅटरी पाच दिवसांत कोरडी होते आणि सेल्फ त्याच्या आधीच रुसतो. पाइपलाइनला गळती असताना विहीर खोल करण्यात अर्थ नाही. आधी गळती शोधा.

त्यासाठी चावी काढा, सगळी दारे बंद करा, मायनसची पट्टी काढा. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून पट्टी आणि बॅटरी यांच्या मध्ये जोडा. या वेळी चावी फिरवायची नाही, सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटर जळेल. आकडा जास्त दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्या लायनीत चोर आहे. बहुतेक वेळा तो चोर नंतर बसवलेला असतो : टेप, जीपीएस, रिव्हर्स कॅमेरा, नाहीतर मोबाईल चार्जर.

आपल्याच हाताने केलेले घोटाळे

आता थोडे कडू बोलतो. जुन्या गाडीच्या वायरिंगचे निम्मे दुखणे आपण स्वतः लावून घेतो.

पहिला घोटाळा फ्यूजचा. दहा अँपिअरचा लाल फ्यूज उडाला की तिथे तीस अँपिअरचा हिरवा घालायचा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची. फ्यूज हा राखणदार आहे. तो उडाला म्हणजे आत काहीतरी चुकतेय असे तो सांगतो. त्याला बांधून ठेवले तर फ्यूजऐवजी वायर जळणार आणि वायरीबरोबर गाडी.

दुसरा घोटाळा दिव्यांचा. साध्या हेडलाइटचा बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे एकाला पाच अँपिअर. तिथे १००/९० वॅटचे घातले की दोघांना मिळून सोळाच्या वर जातात. पंधरा वर्षांची वायर आणि स्विच ते सोसत नाहीत. वायरीचा प्लास्टिक होल्डर वितळलेला दिसला तर कारण हेच. शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. उजेड कमी वाटत असेल तर होल्डरवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर साडेतेरा आणि होल्डरवर साडेअकरा येत असतील तर दोन व्होल्ट वाटेत मुरतायत. जोड साफ करा, रिले बसवा, जुन्याच बल्बला उजेड येईल.

तिसरा घोटाळा जोडांचा. हॉर्न, टेप, शोचे दिवे हे सगळे सापडेल त्या वायरीला पिळून वर काळी टेप. उन्हात टेपचा डिंक सुटतो आणि उघडी वायर पत्र्याला लागते. जोड द्यायचाच तर डाग देऊन किंवा लग दाबून द्या, वर स्लीव्ह घाला आणि प्रत्येक नव्या वस्तूला बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज ठेवा.

चौथा, फवारणीच्या एचटीपी पंपाने इंजिन धुणे. त्या दाबाने पाणी कनेक्टरच्या आत शिरते आणि दोन महिन्यांनी हिरवा गंज वर येतो. ओल्या फडक्याने पुसा, तेवढे पुरते. पाचवा, कॅरियर किंवा हूक वेल्डिंग करताना बॅटरी जोडलेलीच ठेवणे. आधी मायनस काढायला सांगा.

सहावा घोटाळा मिस्त्री मंडळींचा. डायनामो चालतो का बघायला इंजिन चालू ठेवून बॅटरीची पट्टी काढायची. फार जुन्या गाड्यांपासून चालत आलेली ही सवय आहे. आजच्या अल्टरनेटरमध्ये त्याने व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोड, इंजिनाचा संगणक जळू शकतो. मीटर असताना हा प्रयोग कुणालाही करू देऊ नका. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी सुरू करताना दोन्ही १२ व्होल्टच्या आहेत याची खात्री करा आणि प्लस-मायनस उलटे लावू नका. ट्रकला २४ व्होल्ट असतात.

आणि उंदीर. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी किंवा कडब्याच्या गंजीला लागून गाडी लावली की उंदीर बॉनेटमध्ये घर करतो आणि वायरी कुरतडतो. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा.

जळाली तर भरपाई कोण देणार?

पुष्कळ जुन्या गाड्यांना फक्त थर्ड पार्टी विमा असतो. त्यात स्वतःच्या गाडीला आग लागली तर एक पैसा मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी विजेचा किंवा यंत्राचा नुसता बिघाड त्यात बसत नाही. सीएनजी किट बसवलेली गाडी घेत असाल तर किटची नोंद आरसी बुकात आहे का, हे आधी बघा. किटबरोबर वायरीही नव्या ओढलेल्या असतात. त्या कुणी आणि कशा ओढल्या, हे डोळ्यांनी पाहा.

घेण्याआधी अर्धा तास द्या

गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर शंका घ्या. वरचे तीन आकडे मोजा. प्रत्येक दिवा, वायपर, हॉर्न, काच चालवून बघा. फ्यूजपेटी उघडून तारा-चांदी दिसते का बघा. डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. टेपच्या गाठीच गाठी दिसल्या तर किंमत कमी करा किंवा नमस्कार करून परत या.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पूर आला. पुरात बुडालेली गाडी वरून चकाचक करता येते, पण वायरिंगच्या आत शिरलेले पाणी वर्षानुवर्षे त्रास देते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, कार्पेटचा कोपरा उचला. मातीचा डाग, सीटच्या रुळाला गंज, कुबट वास यांपैकी काही असेल तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. व्यवहार झाला की २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून गाडी लगेच नावावर करून घ्या.

गावपातळीवर काय करता येईल?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. घंटागाडीच्या दुरुस्तीची बिले तुमच्याकडे येतात. ‘वायरिंग काम’ असे मोघम लिहिलेले बिल मंजूर करू नका. दोष काय होता, कामाआधी किती व्होल्ट होते, कामानंतर किती झाले, एवढे तीन शब्द-आकडे बिलावर मागा. मोजमाप मागणारा गिऱ्हाईक भेटला की मिस्त्रीही मोजायला लागतो. काढलेला जुना पार्ट परत मागायचा, हाही नियम ठेवा.

दुसरे, तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन शिकणारी आपलीच पोरे आहेत. इंजिन खोलणारे मिस्त्री गावोगावी मिळतात, वायरिंगचा जाणकार मात्र तालुक्यालाच गाठावा लागतो. १ मे किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला निदेशकांसह चार विद्यार्थी बोलवा आणि गावातल्या गाड्यांची तपासणी ठेवा. प्रत्येक गाडीचे तीन आकडे आणि अर्थचा चौथा वहीत लिहून मालकाला द्या. यात पोरांचा हात बसेल आणि एखाद्याला गावातच धंदाही सापडेल.

जुनी गाडी घेणे यात कमीपणा नाही. पण तिच्यापुढे मुकाट्याने पाकीट रिकामे करणे बरे नव्हे. विहिरीवरची मोटार बंद पडली की आपण लगेच रिवाइंडिंगला नेतो का? आधी तिन्ही फेज बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. ती शिस्त आपल्या अंगात आहेच. तीच बांधावरून दारातल्या गाडीपर्यंत आणायची आहे. आज संध्याकाळी घरी गेलात की बॉनेट उघडा आणि अर्थच्या पट्टीचा बोल्ट तेवढा हाताने हलवून बघा. हलला तर तुमचे काम तिथूनच सुरू होते.